1967 पॉन्टियॅक जीटीओ कन्व्हर्टिबल विकणे आहे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी विकायला काढली असं कळल्यापासून फोन आणि मेसेज थांबलेले नाहीत. डेट्रॉइटच्या आसपासची मराठी मंडळी, न्यू जर्सीतले मित्र, पुण्याचे भाचे-पुतणे, आणि आयुष्यात अशी गाडी पाहिलेली नसूनही मनापासून चौकशी करणारे कितीतरी जण. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. घेणार असाल तर सगळं वाचा. घेणार नसाल तरी रंगाचा आणि इंजिनाचा प्रश्न वाचाच.

काका, ही नेमकी कुठली गाडी आहे?

पॉन्टियॅक जीटीओ, मॉडेल 1967, दोन दारं, मिटून मागे जाणाऱ्या कापडी टपाची, म्हणजे कन्व्हर्टिबल. इंजिन 400 घन इंचांचं व्ही-8, म्हणजे सुमारे 6.6 लिटर. गिअर ऑटोमॅटिक. रंग लिंडेन ग्रीन, आतली सीटं काळी, टप पांढरा. लांबी सव्वापाच मीटर, तेव्हा आधी आपलं गॅरेज मोजून घ्या.

1967 मध्ये 81,722 जीटीओ तयार झाल्या, त्यांत कन्व्हर्टिबल 9,517. ही त्यांतली एक, आणि मिशिगनमधल्या पॉन्टियॅक गावच्या कारखान्यातच बांधलेली. पहिल्या मालकीणबाईंनी ती त्याच वर्षी नवी घेतली. 2008 साली त्यांच्या मुलाकडून ती आमच्याकडे आली. जन्मापासून तिचं घर मिशिगनच. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2009 मध्ये, जनरल मोटर्सने पॉन्टियॅक हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी मी संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ नुसता बसलो होतो.

'मसल कार' म्हणजे नक्की काय? ही महागडी स्पोर्ट्स कार होती का?

नाही. मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचं, आणि नुकत्याच कमवायला लागलेल्या पोराला परवडेल अशा किमतीत ती विकायची, ही ती कल्पना. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत 330 घन इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डिलोरियन आणि पॉन्टियॅकच्या त्यांच्या सहकारी इंजिनिअरांनी वाट काढली. नवं मॉडेल काढायचं नाही, 1964 च्या टेंपेस्ट लमान्स या पॉन्टियॅकच्याच मध्यम गाडीवर 'जास्तीचा पर्याय' म्हणून 389 घन इंचांचं इंजिन द्यायचं. पहिल्याच वर्षी 32,450 गाड्या खपल्या आणि मग नियमाची आठवण कोणी काढली नाही. नाव फेरारीच्या एका गाडीवरून उचललेलं. इथले लोक प्रेमाने तिला 'गोट' म्हणतात, म्हणजे बोकड.

लिटरला किती देते?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. हायवेवर शांतपणे चालवली तर सव्वापाच किलोमीटर, गावात चार. टाकी 81 लिटरची आहे. पेट्रोल कुठलं घालायचं ते पुढे पेट्रोल आणि ऑइलच्या प्रश्नात लिहिलं आहे.

जाहिरातीत 'बरीचशी मूळ' असं लिहिलंय. बरीचशी म्हणजे किती? काय काय बदललंय ते सरळ सांगा.

सरळच सांगतो, कारण या शब्दाआड बाजारात खूप काही लपवलं जातं.

मूळ आहे ते असं : इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शियल, कार्बोरेटर (दोनदा खोलून साफ केला, बदलला नाही), सगळा पत्रा, एक मडगार्ड सोडून सगळा रंग, सीटांचं मोरोकाइड (पॉन्टियॅकचं रेक्झिन), डॅशबोर्ड, काचा, क्रोम, बॉनेटवर बसवलेला टॅकोमीटर (इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारं मीटर), रॅली टू चाकं, टपाचा लोखंडी सांगाडा आणि आतलं वायरिंग. पावसात त्या टॅकोमीटरच्या काचेत धुकं साचतं. तो या जातीचाच स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

बदललेलं असं : टायर (आता रेडियल आहेत, पण लाल पट्टीचेच), बॅटरी, रबरी पाइप आणि पट्टे, पाण्याचा पंप, शॉक अॅब्सॉर्बर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी, टपाचं कापड आणि टायमिंग चेन. चेन मात्र मी गाडी सुरळीत चालत असतानाच बदलली. त्या काळच्या पॉन्टियॅक इंजिनात कॅमच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, गिअरला नायलॉनचे दात असत. वयानुसार ते ठिसूळ होतात, तुटतात आणि ऑइल पॅनमध्ये पडतात, आणि एक दिवस चेन घसरते. 2011 मध्ये आम्ही कव्हर उघडलं तेव्हा तीन दात गळालेले होते. जुनं गिअर पिशवीत घालून ठेवलं आहे, बघायला मिळेल.

डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड 1970 च्या दशकात पार्किंगमध्ये घासलं म्हणून पुन्हा रंगवलेलं आहे. पत्रा मूळचाच. रंग शेजारच्या दाराशी जवळजवळ जुळतो, पण ढगाळ दिवशी किंचित फरक कळतो.

रंग काही ठिकाणी विटलाय, ओरखडेही आहेत. नवा रंग मारून विकली तर जास्त पैसे येणार नाहीत का?

हा प्रश्न प्रेमापोटीच येतो, म्हणून सविस्तर लिहितो. येणार नाहीत, आणि येत असते तरी मी रंगवली नसती.

नवा रंग कोणीही कधीही मारू शकतो. 1967 मध्ये पॉन्टियॅकच्या कारखान्यात मारलेला अॅक्रिलिक लॅकर परत कोणीच मारू शकत नाही. तो एकदा खरवडला की संपला. या रंगाला वरून पारदर्शक थर नाही, त्यामुळे तो खोल आणि मऊ दिसतो, आजच्या रंगासारखा काचेसारखा चकचकीत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेवर, जिथे टप उघडून चालवताना डावा कोपर टेकतो, तिथे हातभर लांबीत तो इतका झिजला आहे की खालचा प्रायमर पुसटसा दिसतो. ती झीज पहिल्या मालकीणबाईंच्या कोपराची आहे. हात टेकून बघा, आपला कोपरही नेमका तिथेच येतो.

आता माझ्या हातून घडलेली चूकही सांगतो. 2010 मध्ये एका प्रदर्शनाआधी मी गाडी एका दुकानात पॉलिशला दिली. 'फक्त हाताने, मशीन नको' असं सांगून आलो, थांबलो नाही. परत आलो तेव्हा डिकीच्या झाकणाच्या उजव्या कडेवर मशीन फिरलेलं होतं आणि रुपयाच्या नाण्याएवढा डाग प्रायमरपर्यंत उघडा पडला होता. त्रेचाळीस वर्षं टिकलेला रंग पाच मिनिटांत गेला. अजूनही तिथे बोट जातं तेव्हा वाईट वाटतं. तो डाग मी झाकलेला नाही, फोटोत स्पष्ट दिसतो. तेव्हापासून गाडीला माझ्याखेरीज कोणी फडकंसुद्धा लावलेलं नाही.

रंग खरा आहे की नाही हे तुम्ही स्वतः मोजू शकता. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र आणा. बहुतेक भागांवर 100 ते 130 मायक्रॉन दाखवेल, त्या मडगार्डवर 260 च्या आसपास. पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली असती तर आकडा एकदम 500 च्या पुढे उडाला असता.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मग ही गंजली कशी नाही?

कारण ती मिठात गेलीच नाही. पहिल्या मालकीणबाई दिवाळीच्या सुमाराला तिला लाकडी फळ्यांवर उभी करत आणि एप्रिलमध्ये पहिले दोन चांगले पाऊस होऊन रस्ते धुतले गेले की मगच बाहेर काढत. आम्ही तोच नेम पाळला.

तरीही 'अजिबात गंज नाही' असं मी म्हणणार नाही, कारण 1967 च्या कुठल्याही गाडीबद्दल तसं म्हणणारा नीट वाकून बघत नाही. डिकीच्या तळाशी, जादा चाकाच्या खोबणीत, वरवरचा तांबूस थर आहे. भोक नाही. उजव्या मागच्या चाकामागे पत्र्याच्या खालच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे दोन फोड आहेत. चासी ठोकून बघितली तर सगळीकडे भरीव आवाज येतो. कन्व्हर्टिबलला छपराचा आधार नसतो म्हणून कारखान्यातच तिची चासी चारही बाजूंनी बंद पेटीसारखी केलेली असते. तिच्या आत पाणी साचलं तर ती आतून सडते आणि वरून कळत नाही. म्हणून मागच्या चाकांच्या वरचा भाग आणि बॉडी जिथे चासीवर बोल्टने बसते त्या जागा आवर्जून बघा. मी स्वतः गाडी उचलून दाखवीन.

आणखी एक साधी खूण. दार आणि मागचा पत्रा यांमधली फट वरून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा. चासी किंवा खालचा पत्रा कमजोर झाला की कन्व्हर्टिबल मधोमध खचते आणि फट वरच्या बाजूला आवळत जाते. आमच्या गाडीची दारं एका बोटाने लागतात.

बाजारात नकली जीटीओ खूप आहेत म्हणे. ही खरी कशावरून?

साध्या लमान्सला जीटीओचे बिल्ले लावून विकण्याचे प्रकार होतात, खरं आहे. 1964 आणि 1965 च्या गाड्यांत हे ओळखणं अवघड, कारण तेव्हा जीटीओ हा नुसता पर्याय होता आणि चासी नंबरावरून काहीच कळत नसे. 1966 पासून जीटीओला वेगळी मालिका मिळाली. आमच्या गाडीचा नंबर 242677P ने सुरू होतो. पहिला 2 म्हणजे पॉन्टियॅक, 42 म्हणजे जीटीओ, 67 म्हणजे कन्व्हर्टिबल, 7 म्हणजे 1967 आणि पी म्हणजे पॉन्टियॅक गावचा कारखाना. इथे 67 हे साल नाही, बॉडीचा प्रकार आहे. बरेच जण इथे घोटाळा करतात.

हा नंबर डॅशबोर्डवर शोधू नका. काचेतून दिसणारा नंबर 1968 पासून आला. 1967 मध्ये तो ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर पत्र्याच्या पट्टीवर असतो. पट्टीचे रिव्हेट कधी काढलेले नाहीत हे भिंग लावून बघा. बॉनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि डॅशबोर्ड यांमधल्या पत्र्यावर, बॉडीची दुसरी पट्टी आहे. तिच्यावर बॉडीचा प्रकार, रंगाचं अक्षर एच (लिंडेन ग्रीन) आणि '03बी' अशी वेळ आहे, म्हणजे मार्चचा दुसरा आठवडा.

इंजिन मूळचंच कशावरून? चासी नंबर इंजिनावर कुठेच दिसत नाही, मग 'मॅचिंग नंबर्स' कसं म्हणता?

जाणकारांचा प्रश्न, आणि इथेच भले भले फसतात.

1967 च्या पॉन्टियॅकच्या इंजिनावर चासी नंबर कोरलेलाच नसे. ती पद्धत 1968 पासून आली. त्यामुळे 1967 ची जीटीओ दाखवून कोणी 'इंजिनावर चासी नंबर आहे' म्हणत असेल, तर तो नंबर नंतर कोणीतरी ठोकला आहे. अशा गाडीपासून दूर राहा.

मग पुरावा कशाचा? चार गोष्टी एकमेकींशी जुळवायच्या.

पहिली, ब्लॉकच्या पुढच्या बाजूला उजवीकडे, हेडच्या खाली कोरलेली दोन अक्षरं. आमच्याकडे ती वाय आणि एस आहेत, म्हणजे 335 अश्वशक्तीचं इंजिन, ऑटोमॅटिकसाठीचं. दुसरी, ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतकामातच आलेला क्रमांक 9786133, हा 1967 च्या 400 चा. तिसरी, डिस्ट्रिब्युटरजवळची ओतकामाची तारीख. आमच्याकडे बी157 आहे : बी म्हणजे फेब्रुवारी, 15 तारीख, 7 म्हणजे 1967. ब्लॉक फेब्रुवारीच्या मध्यात ओतला, गाडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बांधली, हे अंतर योग्य आहे. ब्लॉक गाडीनंतर जन्मलेला निघाला तर विषयच संपला. हेडवरही 670 हा आकडा आहे, तो त्या वर्षाचाच.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कागद. दोन अक्षरांच्या वर इंजिनाचा स्वतःचा अनुक्रमांक कोरलेला असतो. चासी नंबराशी त्याचा काही संबंध नसतो, पण गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा बिलाच्या नोंदीत तो लिहिला गेला. पॉन्टियॅकच्या या जुन्या नोंदींच्या प्रती पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस पैसे घेऊन पुरवते. आमच्या गाडीची प्रत माझ्याकडे आहे आणि इंजिनावरचा आकडा तिच्याशी तंतोतंत जुळतो. माझ्या प्रतीवर विश्वास ठेवू नका, चासी नंबर घेऊन स्वतःच्या नावाने नवी मागवा. खरेदीआधी केलेला तो सगळ्यात शहाणपणाचा खर्च ठरेल.

अजून एक कागद आहे, त्याला कायदेशीर किंमत शून्य आणि माझ्या लेखी खूप. 2012 मध्ये मागचं सीट काढलं तेव्हा स्प्रिंगांत अडकलेली पिवळी पडलेली बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी, सापडली. अर्धी उंदरांनी कुरतडली आहे. उरलेल्या अर्ध्यात टप आणि टॅकोमीटरचे रकाने वाचता येतात. ती दोन काचांमध्ये ठेवून दिली आहे, गाडीबरोबर जाईल.

मीटरवर 61 हजार मैल दिसतात. खरे की 1 लाख 61 हजार?

मीटर पाच आकड्यांचं आहे. 99,999 नंतर ते पुन्हा शून्यावर येतं, त्यामुळे नुसतं मीटर बघून कोणालाच सांगता येणार नाही. टायटलवरही (मालकीच्या कागदावर) या वयाच्या गाडीला मैलांच्या नोंदीतून सूट असते. म्हणून बाकीच्या खुणा बघायच्या. 1969 ते 1988 पर्यंतच्या सर्व्हिसच्या पावत्या फाइलमध्ये आहेत, मैल ओळीने वाढत जातात. ब्रेकच्या पेडलचं रबर मूळचं आहे आणि त्यावरच्या रेघा अजून शाबूत आहेत. 1989 ते 2008 मधल्या काळाच्या मात्र तीनच पावत्या आहेत. माझा विश्वास 61 हजारांवर आहे, पण लेखी हमी मी मैलांची देणार नाही, कागदांचीच देईन.

335 अश्वशक्ती! आजच्या गाड्यांच्या तोडीची आहे का मग?

आकडे तसे ताडून पाहू नका. तेव्हा इंजिन टेबलावर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचा भार नसताना ताकद मोजत. अमेरिकेत 1972 पासून गाडीत बसवलेल्या अवस्थेतली मोजायला लागले आणि त्याच इंजिनांचे आकडे कागदावर धाडकन उतरले. हिची खरी गंमत अश्वशक्तीत नाही, टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात आहे : 441 पौंड-फूट, तोही मिनिटाला 3,400 फेऱ्यांवर. पाय हलकेच टेकवला तरी सीट पाठीला चिकटतं.

गिअरच्या दांड्याला दोन खाचा का आहेत?

हर्स्ट कंपनीचा ड्युअल गेट. जाहिरातीत त्याला 'हिज अँड हर्स' म्हणत. एका खाचेत दांडा ठेवला की नेहमीचा ऑटोमॅटिक, गिअर आपोआप पडतात. दुसऱ्या खाचेत सरकवला की पहिला, दुसरा, तिसरा तुम्ही हाताने पाडायचे, आणि प्रत्येक धक्क्याला एकच गिअर पुढे जातो, चुकून न्यूट्रलमध्ये पडत नाही. 1967 मध्येच जीटीओला तीन गिअरांचा टर्बो हायड्रामॅटिक 400 हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळाला, आधीचा दोनच गिअरांचा होता. आमच्या घरी दोन्ही खाचा बायकोच जास्त वापरते, मी पहिल्या खाचेत खूश असतो.

टप आपोआप उघडतो का? गळतो का?

काचेच्या वरच्या दोन कड्या हाताने सोडायच्या आणि बटण दाबायचं. मागच्या सीटमागे बसवलेला पंप दोन्ही बाजूंच्या दट्ट्यांत तेल ढकलतो आणि टप मागे जाऊन बसतो. कापड 2014 चं आहे. मुसळधार पावसात उजव्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून दोन-चार थेंब येतात, ते रबर मूळचं आहे म्हणून. नवं रबर खोक्यात तयार आहे, मी लावलेलं नाही.

ओला टप कधीही मिटू नका, बुरशी धरते. कडाक्याच्या थंडीतही मिटू नका, घडीवर तडे जातात.

पेट्रोल आणि ऑइल कुठलं?

या इंजिनाचं कॉम्प्रेशन 10.75 ला 1, म्हणजे जास्त आहे. साधं पेट्रोल घातलं तर चढावर खडखडते आणि तो आवाज पिस्टनच्या जिवावर उठतो. इथलं 93 ऑक्टेन घालतो. भारतातल्या मोजणीत ते साधारण 98 होतं, कारण दोन्हीकडे मोजायची पद्धत वेगळी आहे. इथेनॉल जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आजच्या इंधनाला चालतील असे बसवले आहेत. तरी हिवाळ्यात उभी करताना टाकी बिनइथेनॉलच्या पेट्रोलने भरतो.

ऑइलमध्ये झिंक पुरेसं हवं. या कॅमवर सपाट बुडाचे टॅपेट घासतात आणि आजच्या गाड्यांच्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं. हे न पाळल्यामुळे कॅमचे उंचवटे झिजून गेलेली इंजिनं मी पाहिली आहेत.

रोज ऑफिसला नेता येईल का?

नेता येईल, पण नेऊ नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लागोपाठ तीन-चारदा जोरात दाबले की तापतात आणि पाय खोल जायला लागतो. 1967 मध्ये ब्रेकच्या तेलाची दोन वेगळी सर्किट आली, त्यामुळे एक गेलं तरी दुसरं उरतं, तेवढा दिलासा. एसी नाही. ट्रॅफिकमध्ये सुई वर चढते. सकाळी लवकर, मोकळ्या रस्त्यावर ती जशी चालते तशी चालवा.

लहान मुलांना मागे बसवता येईल का?

पुढे-मागे फक्त कमरेचे पट्टे आहेत, खांद्यावरून येणारे नाहीत. मुलांच्या आसनासाठी आजच्यासारखे हुकही नाहीत. आमची नात कमरेच्या पट्ट्याने बांधलेल्या आसनात, गल्लीतल्या फेरीपुरती बसली आहे. हायवेवर मी तिला कधी नेलं नाही.

किंमत किती? कमी होईल का?

72,500 डॉलर. गाडी समोर बघून, वाकून, चालवून झाल्यावर बोलू. फोनवर 'शेवटचा भाव सांगा' म्हणणाऱ्यांना उत्तर देत नाही, क्षमस्व. हप्त्याने किंवा दुसऱ्या गाडीच्या बदल्यात देणार नाही.

बघायला येताना काय आणू?

विजेरी, पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, रंगमापक यंत्र आणि मळले तरी चालतील असे कपडे. शक्य असेल तर जुन्या पॉन्टियॅकचं काम केलेला मेकॅनिक. त्याचा निम्मा दिवस गेला तरी चालेल, मी चहा-पोहे करतो. येण्याआधी फोन करा म्हणजे मी इंजिन तापवून ठेवणार नाही. थंड इंजिन कसं सुरू होतं हे तुम्ही स्वतः ऐकायला हवं. अॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे चोक बसतो, मग चावी फिरवायची. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत लागते. सुरुवातीला निळसर धूर दोन-तीन सेकंद येतो, व्हॉल्व्हच्या सीलमधून. नंतरही येत राहिला असता तर मी काळजी केली असती.

कागदपत्रं आणि नंबरप्लेटचं काय?

टायटल माझ्या नावावर, कुठलंही कर्ज नाही. मिशिगनमध्येच राहत असाल तर आपण दोघांनी मिळून सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीत (इथलं आरटीओच) जाऊन नाव बदलू, तेच सुरक्षित. खरेदीवर 6 टक्के कर तुम्हाला तिथेच भरावा लागेल.

26 वर्षं किंवा त्याहून जुन्या गाडीला इथे ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते. तिच्यावर गाडी फक्त प्रदर्शन, क्लबचे कार्यक्रम, मिरवणुका अशांसाठीच न्यायची असते, पण ऑगस्ट महिन्यात ही अट नसते. त्याच महिन्यात डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 1995 पासून. त्या शनिवारी रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी माणसं हिला बघून उभी राहतात, त्यांच्यातले काही जण पॉन्टियॅकच्या कारखान्यात कामाला होते.

विमा साध्या गाडीसारखाच काढायचा का?

नाही. साध्या विम्यात वयानुसार किंमत घटवतात, आणि अशा गाडीला त्या हिशेबाने काहीच मिळत नाही. 'अॅग्रीड व्हॅल्यू' म्हणजे आधीच लेखी ठरलेल्या रकमेचा विमा घ्या. 'स्टेटेड व्हॅल्यू' नावाचा दुसरा प्रकार ऐकायला तसाच वाटतो, पण त्यात कंपनी नुकसानीच्या वेळी कमी रक्कम देऊ शकते. शब्द नीट वाचून सही करा.

घेतल्यावर मी डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, तर ती 'मूळ' राहील का?

कसं बसवता त्यावर आहे. पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे जुने संपर्क) काढून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसणारा इलेक्ट्रॉनिक संच लावला, तर अर्ध्या तासात पूर्ववत करता येतो. 1967 मध्ये पुढचे डिस्क ब्रेक कारखान्याकडून पर्याय म्हणून मिळत, त्यामुळे बोल्टने बसणारे भाग मिळतात. जुने ड्रम जपून ठेवले तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, जिवाचा प्रश्न आहे. पण पत्र्याला भोक पाडणं, वायरिंग कापणं, डॅशबोर्डमध्ये स्टिरिओसाठी चौकोन कापणं परत जोडता येत नाही. तसं करायचं मनात असेल तर आधीच कापलेली गाडी घ्या, स्वस्तही मिळेल.

भारतात नेता येईल का? तुम्ही पुण्याला परत चाललात ना, मग स्वतःच का नेत नाही?

पूर्वी 1950 आधीच्या गाड्याच सहज आणता येत. 2025 मध्ये 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना वाट मोकळी झाली, त्यामुळे ही गाडी आता त्यात बसते. करांचा हिशेब कस्टमच्या दलालाकडून लेखी घ्या, गाडीच्या किमतीएवढा किंवा त्याहून मोठा आकडा आला तरी दचकू नका. नोंदणी 2021 च्या व्हिंटेज नियमांनुसार होते : 20,000 रुपये शुल्क, मुदत 10 वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, आणि गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर. डाव्या हाताचं स्टिअरिंग असल्यामुळे मोटार वाहन कायद्याच्या कलम 120 प्रमाणे इशारा देणारी यंत्रणा चालू असावी लागते.

मी नेत नाही, कारण आई-बाबांजवळ राहायला चाललो आहे, आणि गाडीला द्यायला तिथे वेळ उरणार नाही. शिवाय ती ज्या गावात बांधली तिथून आमचं घर पंचवीस मिनिटांवर आहे. तिचे सुटे भाग, तिला ओळखणारे मेकॅनिक, तिला बघून उभी राहणारी माणसं सगळी इथे आहेत. जवळपासच्याच कोणाकडे गेली तर मला जास्त आनंद होईल. लांबचा ग्राहक असेल तर बंद ट्रेलरमधूनच पाठवीन, उघड्या ट्रेलरवर नाही.

गाडीबरोबर काय काय मिळेल?

पावत्यांची फाइल, नोंदींची प्रत, कुरतडलेली बिल्ड शीट, मूळ मालकाचं पुस्तक, नायलॉनचं जुनं गिअर, काचेचं नवं रबर, दोन जादा पट्टे, पॉइंट आणि कंडेन्सरचे तीन संच, हिवाळ्यात उभी करायच्या त्याच लाकडी फळ्या. चाव्या दोन : एक इग्निशनची आणि दारांची, दुसरी डिकीची आणि ग्लोव्ह बॉक्सची. दुसरी थोडी वाकलेली आहे, फिरवताना किंचित वर उचलून धरा, मग लगेच उघडते.